मेलेलं जनावर कोण उचलतं? मोतीच्या निमित्तानं थोडा इतिहास



‘पेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षाच येते. आजचा विषय मात्र खऱ्या पेटचा आहे, म्हणजे घरातल्या पाळीव प्राण्याचा. तरीही पेटची तयारी करणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा. रिसर्चचा प्रश्न कुठून सुरू होतो, हे मला गेल्या मे महिन्यात पुस्तकापेक्षा आमच्या अंगणात जास्त कळलं.

आमचं घर भूमला आहे. घरातला मोती तेरा वर्षांचा होऊन गेला. म्हाताराच झाला होता, त्यामुळे धक्का असा नव्हता. पण सकाळी सहा वाजता ओसरीवर तो निपचित पडलेला दिसला आणि पहिला अर्धा तास रडण्यात गेला. मग ऊन चढायला लागलं. मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन. आता काय करायचं, हा प्रश्न समोर उभा राहिला.

मी फोन काढला आणि शोधलं. पाळीव प्राण्यांवर अंत्यसंस्कार करणारी सेवा पुण्यात सापडली. तिकडून दोन प्रकार सांगितले, सामूहिक आणि स्वतंत्र. रेट वजनावर. अस्थी पाहिजेत का, असंही विचारलं. पण पुणे म्हणजे पाच तासांचा रस्ता, आणि बर्फात ठेवून आणा म्हणाले. शेजारचे काका म्हणाले, “कशाला एवढं? उचलणारी पोरं असतात. फोन कर, शंभर-दोनशे दे, नेऊन टाकतील.” आबा, म्हणजे माझे आजोबा, खाटेवरून एवढंच म्हणाले, “आपल्यात जनावर मेलं की सांगावा धाडायचो. आपुन कधी हात लावला नाही.”

तिघांनीही मदतीच्याच हेतूनं सांगितलं होतं. पण नंतर लक्षात आलं की पुण्याचा रेट, काकांची ‘पोरं’ आणि आबांचा ‘सांगावा’ ही एकाच प्रश्नाची वेगवेगळ्या काळातली उत्तरं आहेत. प्रश्न असा की मेलेलं जनावर उचलतं कोण? मी मूळची प्राणिशास्त्राची. एम.एस्सी. करून माणूस आणि जनावर यांच्या इतिहासाकडे वळले. एवढं वाचूनही हा प्रश्न मला मोती जाईपर्यंत पडला नव्हता, हे कबूल करते.

दगड कोणत्या सालाचा आहे?

महाराष्ट्रात पाळीव प्राण्याचं स्मारक म्हटलं की सगळ्यांना रायगडावरचा वाघ्या आठवतो. शिवाजी महाराजांच्या चितेत त्यांच्या कुत्र्यानं उडी घेतली, ही कथा आपण शाळेच्या सहलीत ऐकलेली असते. आता संशोधकासारखं बघूया. महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० चं. वाघ्याचं स्मारक उभं राहिलं ते १९३६ च्या सुमारास, आणि त्यासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिल्याचं सांगितलं जातं. दोन्हींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. समकालीन कागदपत्रांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असं अनेक इतिहास अभ्यासकांचं म्हणणं आहे. याच कारणावरून २०१२ मध्ये हा पुतळा काढून टाकला गेला, काही दिवसांत तो परत बसवला गेला, आणि २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला.

वादात कुणाची बाजू घ्यायची ते बाजूला ठेवा. तयारी करणाऱ्यांसाठी मुद्दा पद्धतीचा आहे. १९३६ चा दगड हा १६८० चा पुरावा होत नाही. पण तो १९३६ चा अगदी भक्कम पुरावा आहे. त्या काळात लोकांना इमानाची एक मूर्ती हवीशी वाटली, त्यासाठी पैसा उभा राहिला, आणि ती मूर्ती महाराजांच्या समाधीजवळ बसवण्यात आली. हे का झालं, हा स्वतंत्र आणि चांगला टॉपिक आहे.

असंच साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. दगडात कोरलेला कुत्रा आहे. खंड्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला आणि म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला, असं परंपरा सांगते. शाहू महाराज १७४९ मध्ये गेले आणि त्यांची समाधीही याच परिसरात आहे.

या दोन्ही ठिकाणी मालक कोण होता हे ठळक दिसतं. प्राण्याचं नावही टिकलं. पण खड्डा कुणी खणला, कुत्र्याचा देह कुणी उचलला, याचा पत्ता नाही. ज्यांच्याकडे दगड कोरून घेण्याची ऐपत होती त्यांचंच दुःख आपल्यापर्यंत पोचतं. ही नोंद वहीत करून ठेवा, पुढं लागेल.

बेरेनिके, तेर आणि मोह

आता थोडं लांब जाऊया, पण वाट आपल्या जिल्ह्यातूनच जाते.

इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या काठावर बेरेनिके नावाचं रोमन काळातलं बंदर होतं. तिथं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली प्राण्यांची दफनभूमी सापडली. पोलंडच्या मार्ता ओसिपिन्स्का यांनी २०२१ मध्ये ५८५ प्राण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक मांजरं, मग कुत्रे, आणि थोडी माकडं. सुरुवातीला काही जणांनी शंका घेतली होती की ही जनावरं कचऱ्यात टाकलेली असतील. उत्तर हाडांनीच दिलं. काही मांजरांच्या गळ्यात पट्टे किंवा मण्यांच्या माळा होत्या. देह कापडात गुंडाळून, वर खापऱ्या ठेवून नीट पुरलेले होते. काही जनावरं इतकी म्हातारी होती की तोंडात दात उरले नव्हते. दात नसलेलं जनावर स्वतःच्या बळावर फार दिवस जगत नाही. म्हणजे त्याला कुणीतरी मऊ अन्न भरवत होतं.

हे वाचताना मला मोती आठवला. शेवटची दोन वर्षं आई त्याला दूध-भाकरी कुस्करून द्यायची. दोन हजार वर्षांनी कुणी त्याचा जबडा पाहिला तर आईचं ते काम त्यात दिसेल. प्रेम मोजता येत नाही असं आपण म्हणतो, पण हाडांवर कधी कधी त्याची खूण राहते.

त्या दफनभूमीतली काही माकडं भारतातून नेलेली होती, हे हाडांच्या अभ्यासातून पुढं आलं. आणि आपल्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे जुनं तगर, याच व्यापाराच्या जाळ्यात होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत तगराचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं, असं त्यात लिहिलंय. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात या काळातल्या वस्तू बघायला मिळतात. भूम-बार्शीकडच्या मुलांनी एकदा जाऊन या.

इथं मला मोठा मोह झाला. तगरचा माल पश्चिमेला जायचा, बेरेनिकेत भारतीय माकडं पुरली होती, मग ते माकड तेरवरूनच गेलं असेल असं लिहून टाकावं! हेडिंग किती भारी झालं असतं. पण असा कुठलाच पुरावा नाही. दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून त्या एकमेकींना जोडता येत नाहीत. जिल्ह्याच्या प्रेमापोटी झालेली चूकही चूकच असते, आणि गाईड तिच्यावर पहिलं लाल पेन फिरवतात.

सांगावा कुणाला जायचा?

आता आबांच्या वाक्याकडे येते. या लेखाचं खरं कारण तेच आहे.

गावगाड्यात मेलेली गुरं ओढून नेणं हे महारांचं काम ठरवलेलं होतं. कातड्याचं काम ढोर-चांभारांकडे, कातडी दोरखंड आणि वादीचं मांगांकडे, अशी जातवार वाटणी होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात ही कामं तपशिलानं आलेली आहेत. मात्र हे पुस्तक वाचताना लिहिणारा कुठं उभा आहे ते विसरू नका. तो सरकारी कामानिमित्त खेडी पाहिलेला, वरून बघणारा माणूस आहे. त्याच्या जोडीला दया पवारांचं १९७८ चं ‘बलुतं’ वाचा. तिथं तेच काम करणाऱ्यांच्या घरातून दिसतं. एकाच कामाबद्दलची ही दोन साधनं शेजारी ठेवली की साधनांची छाननी म्हणजे काय, हे आपोआप समजतं.

याला ‘सेवा’ म्हणणं चुकीचं आहे. सेवा म्हटलं की ती नाकारण्याचा हक्क येतो, ठरलेला मोबदला येतो. इथं सांगावा आला की जावंच लागायचं. मोबदला काय, तर वतनाची तुटपुंजी जमीन, बलुतं, आणि त्या मेलेल्या जनावराचं मांस. वर त्याच कामावरून विटाळ मानायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. आणि आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांग वतनदार परिषद झाली. त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः आले होते. मी त्या गावावरून एसटीनं कितीतरी वेळा गेलेय. पण मोती गेल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की ‘वतन’ या शब्दात आमच्या गोठ्यात मेलेली बैलंही येत होती.

इथं तयारी करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे मुंबईचे कायदे, मग तो १८७४ चा असो की कनिष्ठ वतनं रद्द करणारा १९५८ चा, भूमच्या एखाद्या गावाला जसेच्या तसे लावू नका. आधी ते गाव त्या साली कुणाच्या अमलाखाली होतं ते तपासा. आपल्या भागातल्या पुष्कळ प्रबंधांत मुंबईचा इतिहास मराठवाड्यावर चिकटवलेला असतो.

कायदा बदलला तरी सवय लगेच जात नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातच्या ऊना इथं मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथं अनेकांनी मेलेली जनावरं उचलायलाच नकार दिला. नकार आला तेव्हाच बाकीच्यांना कळलं की हे काम रोज कुणीतरी करत होतं. काकांनी सांगितलेली ‘पोरं’ कोण आहेत, त्यांना नावं का नाहीत, हा प्रश्न मला त्या दिवशी विचारता आला नाही. आता विचारते.

गिधाडं, गॅस आणि शहर

गावाबाहेर ओढून टाकलेल्या जनावराचं पुढं काय व्हायचं? आबा सांगतात, “दुपारपर्यंत सापळा उरायचा.” ते काम गिधाडांचं. १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडं झपाट्यानं संपत गेली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध याच्या मुळाशी आहे, असं संशोधन २००४ मध्ये आलं, आणि २००६ मध्ये भारतानं त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. भूम म्हणजे खव्याचा तालुका. दूध म्हणजे गोठे, आणि गोठे म्हणजे कधी ना कधी मेलेलं जनावर. आधी सांगावा थांबला, मग गिधाडं गेली. उरलं ते शेताच्या बांधावर सडणारं जनावर आणि त्यावर जगणारी मोकाट कुत्री.

शहरांना हा प्रश्न आधीच पडला होता. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८८१ मध्ये चेरी नावाचं कुत्रं पुरलं आणि तिथून पाळीव प्राण्यांची दफनभूमी तयार झाली. फ्रान्समध्ये १८९८ च्या कायद्यानं मेलेली जनावरं घरांपासून दूर जमिनीत पुरणं बंधनकारक झालं, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ आनिएरला कुत्र्यांची दफनभूमी सुरू झाली. प्रेमाइतकाच वाटा तिथं शहराच्या स्वच्छतेचाही होता. मुंबई महापालिकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी पाइपच्या गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, तीही मोफत. तेव्हा पाळीव प्राण्याचा अंत्यसंस्कार हे श्रीमंतांचं फॅड आहे असं म्हणून सोडून देऊ नका. ती नागरी सुविधा होऊ शकते. भूमसारख्या गावात ती का नाही, हा नगरपालिकांच्या इतिहासाचा प्रश्न आहे.

सेवा निवडताना काय विचारायचं?

तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून, आणि संशोधनाशी याचं नातं आहे म्हणूनही लिहिते.

पहिलं, दहन स्वतंत्र की सामूहिक? सामूहिक स्वस्त पडतं, पण अस्थी तुमच्याच प्राण्याच्या मिळत नाहीत. दुसरं, स्वतंत्र म्हणाले तर भट्टीत देहासोबत नंबराचा धातूचा बिल्ला ठेवतात का? हे महत्त्वाचं आहे, कारण आठशे-नऊशे अंशांवर जळल्यावर उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. डीएनए तपासून ही राख कुणाची ते सांगता येत नाही. राख बोलत नाही, नोंद बोलते. तिसरं, अस्थींचं वजन. देहाच्या वजनाच्या साधारण ३-४ टक्के एवढीच राख उरते. वीस किलोच्या कुत्र्याची राख किलोच्या आत असते. कुणी दोन-तीन किलो हातात ठेवली तर विचारा. चौथं, पुरायचं असेल तर स्वतःच्या जागेत, विहीर-बोअरपासून लांब, किमान तीन-चार फूट खोल. इंजेक्शन देऊन सोडवलेलं असेल तर उघड्यावर अजिबात टाकू नका, ते औषध देहात राहतं आणि खाणारा दुसरा प्राणी मरतो. रेबीजची किंवा काळपुळीची शंका असेल तर हात लावायच्या आधी पशुवैद्याला फोन.

आणि पाचवं, जे रेटकार्डावर नसतं. देह उचलणारा माणूस कोण आहे? त्याला हातमोजे आहेत का? पगार किती? तो हे काम स्वतःहून करतो की ‘तुमच्यातलेच करतात’ म्हणून त्याच्या गळ्यात पडलंय? पैसे मोजणाऱ्याला हे विचारायचा हक्क आहे. मला वाटतं, ती जबाबदारीही आहे.

मग आम्ही काय केलं?

पुण्याला नेलं नाही. पोरांनाही फोन केला नाही. शेतातल्या लिंबाखाली मी आणि भावानं खड्डा खणला. पहिल्या दोन फुटांतच मुरूम लागला, तळहाताला फोड आले. खड्डा खणून होत आला तेव्हा आबा काठी टेकत आले. मोतीला चादरीत घेऊन खाली उतरवताना त्यांनी एक कोपरा धरला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं. नंतर हात धुताना म्हणाले, “लई जड असतंय गं. त्या लोकांनी आमचे बैल कसे ओढले असतील?”

एका कुत्र्याच्या खड्ड्यानं कुणाचं देणं फिटत नाही, हे मलाही कळतं. पण आबांचा तो प्रश्न मला कुठल्याच ग्रंथालयात मिळाला नव्हता. तो मी त्याच रात्री तारखेसकट वहीत लिहून ठेवला. पुढच्या महिन्यात तडवळ्याला जाऊन परिषद पाहिलेल्या घरांतल्या आठवणी नोंदवायला सुरुवात करणार आहे, अर्थात त्यांची परवानगी घेऊन आणि त्यांना बोलावंसं वाटलं तरच.

तुमच्यापैकी जे टॉपिक शोधतायत त्यांना छोटासा गृहपाठ देते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्याकडं जनावर मेलं की काय करायचे? कोण यायचं? त्याचं नाव काय होतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक घरांत शांतता होईल. ती शांतताही वहीत लिहा. आमच्या घरातही झाली होती. आबांना सगळ्या बैलांची नावं आठवतात.